रब्बी यहूदा हनासी : विखुरलेले ज्ञान सांधणारे आचार्य



‘थोरांची ओळख’ या आपल्या सदरात आपण बहुतेक वेळा आपल्याच देशातील विभूतींची चरित्रे वाचतो. या अंकात आम्ही तुम्हांला जरा दूर नेणार आहोत. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापासून थोडे आत गालील नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एक आचार्य होऊन गेले. त्यांचे नाव रब्बी यहूदा. यहुदी, म्हणजे ज्यू समाजाचे ते प्रमुख होते, म्हणून त्यांना ‘हनासी’ म्हणजे अधिपती म्हणत. त्यांची थोरवी एवढी की त्यांच्या समाजाच्या ग्रंथांत नुसते ‘रब्बी’ म्हटले की तेच समजायचे. रब्बी म्हणजे गुरुजी. हजारो गुरुजी होऊन गेले, पण नाव न घेता ज्यांना ओळखावे असे हे एकच.

त्यांचे काम समजून घ्यायचे तर त्यांच्या समाजावर काय प्रसंग गुदरला होता ते आधी पाहावे लागेल. जेरुसलेम ही यहुदी लोकांची राजधानी आणि तेथील मंदिर हे त्यांचे एकमेव मोठे देवस्थान. इ.स. ६६ मध्ये रोमन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर जमीनदोस्त केले. पुढे इ.स. १३२ मध्ये बार कोखबा याच्या नेतृत्वाखाली पुन्हा उठाव झाला. तो इ.स. १३५ पर्यंत चालला आणि चिरडला गेला. जेरुसलेमचे नावसुद्धा बदलण्यात आले आणि यहुद्यांना त्या नगरीत प्रवेश बंद झाला. देऊळ गेले, राजधानी गेली. मग उरले काय? उरली ती विद्या, आणि ती शिकवणारे थोडे गुरुजी.

ही विद्या दोन प्रकारची होती. एक ‘तोरा’, म्हणजे धर्मग्रंथ. तो लिहिलेला होता. दुसरा भाग मात्र तोंडी होता. ग्रंथातील आज्ञा रोजच्या व्यवहारात कशी पाळायची, शब्बाथ म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी कोणते काम चालते व कोणते नाही, शेजाऱ्याच्या बैलाने आपल्या बैलाला शिंग मारले तर भरपाई किती, शेताचा कोणता कोपरा गरिबांसाठी सोडायचा, अशा शेकडो गोष्टींचे निर्णय गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जात. आपल्याकडे वेदपाठशाळेत संथा घेऊन वेद मुखोद्गत करतात, तसेच काहीसे. ‘मिश्ना’ हा जो शब्द पुढे येणार आहे त्याचा अर्थही पुन:पुन्हा म्हणून शिकणे असाच आहे. तुम्ही पाढे म्हणता तसे!

तोंडी विद्येचा एक मोठा धोका असतो. ग्रंथ जळाला तर त्याची दुसरी प्रत कोठेतरी सापडते. पण गुरू गेला आणि त्याने शिष्य तयार केलेला नसला तर ती विद्याच संपते. दुसऱ्या उठावाच्या वेळी नेमके हेच होऊ लागले होते. त्या काळचे सर्वांत मोठे आचार्य रब्बी अकिवा यांना रोमन सत्तेने ठार मारले. यहुदी परंपरा सांगते की ज्या दिवशी अकिवा गेले त्याच दिवशी यहूदांचा जन्म झाला. तारीख तंतोतंत जुळली की नाही हा प्रश्न वेगळा. परंतु परंपरेला त्यातून काय सांगायचे आहे ते आपल्या सहज ध्यानात येते. इतिहासकारही त्यांचा जन्म इ.स. १३५ च्या सुमारास झाला असेच मानतात.

घराणे विद्वानांचे होते. दयाळूपणाबद्दल प्रसिद्ध असलेले आचार्य हिल्लेल हे त्यांचे पूर्वज. वडील रब्बान शिमोन हेही समाजाचे अधिपती होते. पण यहूदांचे शिक्षण एका गुरूपाशी झाले नाही. अकिवांचे जे शिष्य त्या धुमश्चक्रीतून वाचले होते, ते गालीलमध्ये निरनिराळ्या गावी शाळा चालवीत होते. यहूदा त्यांच्यापैकी अनेकांकडे जाऊन शिकले. एकच नियम एक गुरू एका शब्दांत सांगे, दुसरा दुसऱ्या शब्दांत. कधी दोघांचे मत अगदी उलट असे. तरुण यहूदांनी हे सर्व ऐकले आणि ध्यानात ठेवले. पुढे मोठेपणी ते म्हणत असत की गुरूंकडून आपण खूप शिकलो, सोबत्यांकडून त्याहून अधिक आणि सर्वांत जास्त आपल्या विद्यार्थ्यांकडून. शिक्षक म्हणून इतकी वर्षे काढल्यावर आम्हांला यातील शेवटचा भाग सर्वांत खरा वाटतो.

वडिलांच्या पश्चात यहूदा अधिपती झाले. त्यांच्याकडे संपत्ती होती आणि रोमन अधिकाऱ्यांशी त्यांचे संबंध चांगले होते. ‘अंतोनिनस’ नावाच्या रोमन सम्राटाशी त्यांची मैत्री होती अशा अनेक कथा आहेत. तो सम्राट नेमका कोणता यावर विद्वानांचे एकमत नाही. एवढे मात्र खरे की त्यांच्या कारकिर्दीत समाजाला काही दशके शांतता लाभली. अशा शांततेच्या काळात माणसे बहुधा निर्धास्त होतात. रब्बी यहूदांनी मात्र ओळखले की हीच वेळ आहे. संकट आज नाही म्हणून उद्या येणार नाही असे नाही. जे विखुरलेले आहे ते आताच गोळा केले पाहिजे.

त्यांनी बेत शआरीम येथे आणि नंतर त्सिप्पोरी नगरात विद्यापीठ चालवले. निरनिराळ्या शाळांतील पाठ मागवून घेतले, पाठांतर करणाऱ्या मंडळींकडून ऐकले, ताडून पाहिले, निवडले आणि विषयवार लावले. या कामाची सुरुवात अकिवांनी आणि त्यांचे शिष्य रब्बी मेइर यांनी केलेली होती. रब्बी यहूदांनी ते पूर्णत्वास नेले. इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या या संग्रहालाच ‘मिश्ना’ म्हणतात.

मिश्नाचे सहा विभाग आहेत. पहिला शेती आणि प्रार्थनांचा, दुसरा सणांचा, तिसरा विवाह व कुटुंबाचा, चौथा नुकसानभरपाई व न्यायाचा, पाचवा मंदिरातील अर्पणांचा आणि सहावा शुद्ध-अशुद्धतेचा. या सहा विभागांत एकूण ६३ प्रकरणग्रंथ आहेत. पाचवा विभाग पाहा. मंदिर पडून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती, तरी तेथील अर्पणांचे सर्व नियम त्यांनी काळजीपूर्वक जतन केले. जे हातातून गेले ते निदान मनातून जाऊ नये, ही त्यामागची तळमळ.

गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी चौथ्या विभागातील एक उदाहरण देतो. दोघे जण एकच अंगरखा धरून न्यायालयात आले. दोघेही म्हणतात की तो संपूर्ण माझा. साक्षीदार कोणी नाही. मिश्ना सांगते की दोघांनीही शपथ घ्यावी की आपला वाटा निम्म्याहून कमी नाही, आणि अंगरख्याचे दोन सारखे भाग करावेत. आता समजा, एक म्हणतो की सगळा माझा आणि दुसरा म्हणतो की अर्धा माझा. मग? सगळा मागणाऱ्याला पाऊण आणि अर्धा मागणाऱ्याला पाव. कारण एक अर्धा भाग पहिल्याचाच आहे हे दुसऱ्याला मान्यच आहे. भांडण आहे ते उरलेल्या अर्ध्याचे. तेवढ्याचेच दोन भाग करायचे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी यावर जरा विचार करून पाहावा.

पण मिश्नाचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. कायद्याचे पुस्तक म्हटले की त्यात निर्णय असतात. हरलेल्या पक्षाचे म्हणणे त्यात नसते. रब्बी यहूदांनी मात्र मतभेद जसेच्या तसे ठेवले. अगदी पहिलाच परिच्छेद घ्या. संध्याकाळची प्रार्थना रात्री केव्हापर्यंत करता येते, असा साधा प्रश्न. त्याला तीन उत्तरे दिली आहेत. एका मताने रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत, दुसऱ्या मताने मध्यरात्रीपर्यंत, तिसऱ्या मताने पहाट फुटेपर्यंत. तिसरे मत रब्बान गमलिएल यांचे. त्याला जोडून एक घरगुती प्रसंगही दिला आहे. गमलिएल यांचे मुलगे मेजवानीहून फार उशिरा घरी आले आणि प्रार्थना राहिल्याचे वडिलांना सांगू लागले. वडिलांनी रागावण्याऐवजी, अजून पहाट झालेली नाही, आताही म्हणता येईल, असे त्यांना सांगितले. हे गमलिएल म्हणजे रब्बी यहूदांचे आजोबा असे अभ्यासक मानतात. आपल्याच घरातली ही उशिराची गोष्ट त्यांनी ग्रंथाच्या पहिल्याच पानावर राहू दिली!

जे मत बहुमताने नाकारले गेले ते जपायचे कशाला? याचेही उत्तर मिश्नामध्ये आहे. पुढे कधी एखाद्या न्यायसभेला तेच मत योग्य वाटले तर तिला त्याचा आधार घेता यावा, हे एक कारण. दुसरे असे की कोणी ते मत पुन्हा मांडले तर यावर पूर्वी विचार झालेला आहे हे त्याला दाखवता यावे. म्हणजे आज ज्याचे मत पडले तो मूर्ख ठरत नाही, त्याचे नाव पुसले जात नाही. आमच्या मते रब्बी यहूदांचे सर्वांत मोठे देणे हेच.

हा संग्रह त्यांनी स्वतः लिहून काढला की तो निश्चित शब्दांत बांधून पाठांतरासाठी दिला, यावर विद्वानांत आजही वाद आहे. दोन्ही बाजूंना जुने आधार आहेत. पण एक गोष्ट निश्चित. त्यांच्यानंतर सर्व शाळांतून एकच पाठ म्हटला जाऊ लागला.

आता भाषेची गोष्ट, जी आपल्यासारख्या शाळेने विशेष लक्ष देऊन वाचावी. त्या काळी गालीलमध्ये रस्त्यावर अरामी भाषा चाले आणि सरकारी कामकाजात ग्रीक. हिब्रू मागे पडत चालली होती. रब्बी यहूदांचे म्हणणे होते की आपल्या देशात बोलायचे तर हिब्रू बोलावे, नाहीतर ग्रीक. ग्रीकचा त्यांना तिटकारा नव्हता. मात्र हिब्रू घरातून जाऊ नये असा त्यांचा आग्रह होता, आणि मिश्ना त्यांनी हिब्रूतच ठेवली.

त्यांच्या घरी एक दासी होती. तिचे नाव ग्रंथांत आलेले नाही. तिची कथा मात्र आली आहे. काही शिष्यांना जुन्या ग्रंथांतील काही हिब्रू शब्दांचे अर्थ लागत नव्हते. एकदा ते रब्बींच्या घरी तुटक-तुटक, एकेक दोघे असे आत येत होते. दासीने त्यावरून त्यांना टोकले आणि ज्या शब्दावर ते अडले होते नेमका तोच शब्द वापरला. दुसऱ्या वेळी एकाच्या हातून घोळाची भाजी जमिनीवर सांडत होती. तिने त्या भाजीचे नाव घेतले आणि दुसरा शब्द उलगडला. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील एक शब्द त्यांना कळत नव्हता. तिने कोणाला तरी झाडू घेऊन घर झाडायला सांगितले आणि तोही कळला. पंडितांना जे पोथीत सापडले नाही ते त्यांना झाडू आणि भाजीच्या निमित्ताने मिळाले.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी आम्ही घरातच शिकलो, पुस्तकातून नंतर. म्हणून ही कथा आम्हांला फार जवळची वाटते. इंदूरसारख्या शहरात हिंदी आपल्याला रोजीरोटी देते, इंग्रजी पुढची दारे उघडते. दोन्ही हव्यातच. पण रोवळी, उंबरा, वळचण, सांडशी असले शब्द शाळा एकटी शिकवू शकत नाही. ते स्वयंपाकघरातच जगतात किंवा तेथेच मरतात.

रब्बी यहूदांच्या स्वभावातील उणिवाही त्यांच्या परंपरेने लपवल्या नाहीत. एकदा दुष्काळ पडला. त्यांनी आपली धान्याची कोठारे उघडली, पण अट घातली की ज्यांनी काही अध्ययन केले आहे त्यांनीच यावे. अडाण्यांना प्रवेश नाही. त्यांचाच एक शिष्य, योनातान बेन अमराम, ओळख लपवून आला. आपण काहीच शिकलेलो नाही असे त्याने सांगितले आणि कुत्र्या-कावळ्याला घालतात तसे तरी खायला घाला, अशी विनंती केली. रब्बींनी दिले, पण मागाहून चुटपुट लागली की धान्य अडाण्याला गेले. तेव्हा मुलाने सुचवले की तो योनातान तर नसेल? विद्येच्या मोबदल्यात भाकरी खायची नाही असा त्याचा बाणा आहे. चौकशी केली तर ते खरेच निघाले. त्या दिवसापासून रब्बींनी कोठारे सर्वांसाठी खुली केली. मोठ्या पदावरच्या माणसाने शिष्याच्या मूक शिकवणीने आपला नियम बदलावा, हे सोपे नाही.

दुसरी कथा एका वासराची. कत्तलखान्याकडे नेत असलेले वासरू पळून आले आणि रब्बींच्या अंगरख्यात डोके खुपसून हंबरू लागले. रब्बींनी त्याला, यासाठीच तुझा जन्म आहे, असे म्हणून परत पाठवले. कथा सांगते की त्यांना दया आली नाही म्हणून त्यांच्यामागे दीर्घ आजार लागला. पुष्कळ वर्षांनी दासी घर झाडताना काही मुंगसासारख्या प्राण्याची पिल्ले बाहेर लोटू लागली, तेव्हा त्यांनी तिला थांबवले आणि ईश्वराची दया सर्व प्राण्यांवर आहे याची आठवण दिली. त्यानंतर दुखणे ओसरले.

प्रकृतीच्या कारणाने त्यांनी शेवटची १७ वर्षे उंचावरील, चांगल्या हवेच्या त्सिप्पोरीत काढली. अखेरच्या दिवसांत त्यांनी जी व्यवस्था लावली तीही पाहण्यासारखी आहे. मुलगा गमलिएल याला अधिपतिपद दिले. दुसरा मुलगा शिमोन विद्वान होता, त्याला विद्वानाचे पद दिले. पण विद्यापीठाच्या प्रमुखपदी शिष्य हनिना बार हामा यांची निवड केली. गादी घराण्यात राहिली. शाळा मात्र शिष्याच्या हाती गेली.

मृत्यूची कथा हृदयाला भिडणारी आहे. शिष्य उपवास करून अखंड प्रार्थना करीत होते, आणि जोवर प्रार्थना चालू होती तोवर प्राण जात नव्हता. रब्बींच्या घरची दासी आधी तीच प्रार्थना करीत होती. मग तिने त्यांच्या वेदना जवळून पाहिल्या. ती गच्चीवर गेली आणि एक मडके खाली फेकले. आवाजाने क्षणभर सर्व दचकले, प्रार्थना थांबली, आणि त्या क्षणी रब्बींना सुटका मिळाली. मरणापूर्वी त्यांनी दहाही बोटे वर करून सांगितले होते की या दहांनी आपण विद्येसाठी कष्ट केले आणि जगाच्या सुखांपैकी करंगळीएवढेही घेतले नाही. हा काळ इ.स. २२० च्या आसपासचा.

त्यांना बेत शआरीम येथे पुरले. तेथे १९३६ साली उत्खनन सुरू झाले आणि डोंगरात कोरलेली भव्य दफनगृहे सापडली. एका दफनगृहात रब्बी शिमोन आणि रब्बी गमलिएल ही नावे कोरलेली मिळाली. ती त्यांच्या मुलांची असावीत असे अनेक संशोधकांना वाटते. २०१५ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत आले.

त्यांचे काम मात्र डोंगरात बंद राहिले नाही. त्यांचा एक शिष्य, अब्बा अरिखा, इ.स. २१९ च्या सुमारास मिश्ना घेऊन बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेला आणि त्याने सूरा येथे मोठे विद्यापीठ उभारले. मिश्नातील एकेका वाक्यावर पिढ्यान् पिढ्या चर्चा झाली. गालीलमध्ये झालेल्या चर्चेतून इ.स. ४०० च्या सुमारास जेरुसलेमचा तल्मुद तयार झाला. बाबिलोनियातील चर्चेतून त्यानंतर शंभर-दोनशे वर्षांत बाबिलोनचा तल्मुद सिद्ध झाला. वर सांगितलेल्या बहुतेक कथा या तल्मुदातल्याच. १५२० ते १५२३ या काळात व्हेनिसमध्ये दानिएल बोंबर्ग याने बाबिलोनचा तल्मुद संपूर्ण छापला. पानाच्या मध्यभागी मूळ ग्रंथ आणि दोन्ही बाजूंना पुढच्या शतकांतील भाष्ये, अशी त्याची मांडणी. १९२३ पासून जगभर अनेक जण रोज त्याचे एकेक पत्र वाचतात. संपूर्ण ग्रंथ व्हायला सुमारे साडेसात वर्षे लागतात.

आणि आता मराठीशी असलेले नाते. कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल हा यहुदी समाज शतकानुशतके राहिला. त्यांची मातृभाषा मराठी. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. मिश्नामध्ये वल्हांडण सणाच्या रात्रीचा विधी सांगितला आहे. त्या रात्री मुलाने वडिलांना आजच्या जेवणातल्या वेगळेपणाबद्दल प्रश्न विचारायचे असतात. मुलाला विचारता आले नाही तर वडिलांनी शिकवायचे असते. या रात्री वाचायच्या पुस्तकाला हग्गादा म्हणतात. तो हग्गादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला, आणि १८७४ साली पुण्यात. गालीलमध्ये जपलेले मुलाचे प्रश्न असे सोळाशे वर्षांनी मराठीत विचारले गेले!

विश्वस्त मंडळींना आम्ही एवढेच सुचवू की कोठाराची गोष्ट पुन्हा एकदा वाचावी. ज्या घरांत मराठी जवळजवळ सुटली आहे, किंवा कधी नव्हतीच, त्या घरांतील मुलांसाठीही आपले दार तितकेच उघडे असावे. पालकांनी निदान रात्रीच्या जेवणाला घरातली भाषा मराठी ठेवावी.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी सुट्टीचे गृहकार्य. आजी-आजोबांकडून, शेजारच्या काकूंकडून किंवा घरकामाला येणाऱ्या मावशींकडून तुम्हांला माहीत नसलेले दहा मराठी शब्द मिळवा. प्रत्येकापुढे तो कोणी सांगितला त्यांचे नाव लिहा. एकाच शब्दाचे दोघांनी दोन अर्थ सांगितले तर दोन्ही लिहा. कोणतेही खोडू नका. शाळा उघडल्यावर त्या वह्या आम्ही स्वतः पाहणार आहोत.